हार्लेक्विन टस्कफिशचे मत्स्यालयातील पालन

हार्लेक्विन टस्कफिश (शास्त्रीय नाव: कोएरोडॉन फॅसिएटस) हा लॅब्रिडी कुळातील समुद्री मासा असून तो पश्चिम प्रशांत महासागरातील प्रवाळभित्तींच्या परिसरात आढळतो. या कुळातील माशांना इंग्रजीत ‘रॅस’ असे म्हणतात व तेच नाव मत्स्यपालनाच्या व्यवहारात रूढ आहे. नारिंगी-तांबडे उभे पट्टे आणि निळे सुळे यांमुळे हा मासा चटकन ओळखता येतो. कवचधारी प्राण्यांची शिकार करून तो जगतो व पूर्ण वाढल्यावर सुमारे ३० सेंमी. लांब होतो. घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात जे मोठे शिकारी रॅस मासे पाळले जातात, त्यांत हा तुलनेने शांत व कणखर समजला जातो. मात्र ही ख्याती टाकीत रुळलेल्या माशाची आहे. समुद्रातून पकडून नुकताच आणलेला मासा पहिल्या काही आठवड्यांत दगावण्याचा धोका मोठा असतो आणि पालनाचे यशापयश बहुधा त्याच काळात ठरते.

नाव व वर्गीकरण

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन आल्बर्ट ग्युंटर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये केले. जन्माने जर्मन असलेले ग्युंटर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये कार्यरत होते. मत्स्यपालनावरील जुन्या पुस्तकांत हाच मासा ‘लिएनार्डेला फॅसिएटा’ या नावाने येतो. त्यामुळे जुनी माहिती शोधणाऱ्यांचा गोंधळ होऊ शकतो. ‘कोएरोडॉन’ हा शब्द ‘डुक्कर’ आणि ‘दात’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे, तर ‘फॅसिएटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पट्टे असलेला’ असा होतो. ‘हार्लेक्विन’ हे जुन्या इटालियन लोकनाट्यातील, रंगीबेरंगी तुकड्यांचा पोशाख घालणारे विनोदी पात्र होय. ‘टस्क’ म्हणजे सुळा. हा मासा भारताच्या किनाऱ्यावर सापडत नसल्याने त्याला मराठीत रूढ नाव नाही.

लॅब्रिडी कुळात ५०० हून अधिक जाती असून बोटभर लांबीच्या माशांपासून दोन मीटरहून मोठ्या माशांपर्यंत सर्व आकार त्यांत आहेत. ‘रॅस पाळणे सोपे असते’ किंवा ‘अवघड असते’ अशी सरसकट विधाने त्यामुळेच निरर्थक ठरतात.

वर्णन

शरीर लांबट, दोन्ही बाजूंनी किंचित चपटे व डोके भारदस्त असते. पांढरट ते हिरवट-राखी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत नारिंगी किंवा तांबडे उभे पट्टे असतात व प्रत्येक पट्ट्याला निळसर कड असते. वय वाढते तसा शरीराचा मागील भाग काळपट होत जातो. शेपटीचा पर पांढरा असून त्याची मागील कड तांबडी असते. जबड्यांच्या पुढील टोकास बाहेर आलेले सुळे निळे असतात आणि तोंड मिटलेले असतानाही ते दिसतात. प्रथमच पाहणाऱ्यास हा मासा क्रूर वाटतो तो या सुळ्यांमुळे. प्रत्यक्षात ते दगडाच्या सांदीतून भक्ष्य उपसून काढण्याचे हत्यार आहे.

पिलांचे रंग फिकट व तपकिरी छटेचे असतात. त्यांच्या पाठीवरील व पोटाखालील परांवर डोळ्यासारखे गोल काळे ठिपके असतात, जे वाढीबरोबर नाहीसे होतात. रॅस कुळातील अनेक जातींत नर व मादी यांचे रंग अगदी निराळे असतात. या जातीत मात्र केवळ रंगावरून लिंग ओळखणे कठीण असते.

नैसर्गिक जीवन

उत्तरेस जपानच्या रिऊक्यू बेटांपासून व तैवानपासून दक्षिणेस ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यापर्यंत आणि न्यू कॅलेडोनियापर्यंत या माशाचा आढळ आहे. प्रवाळभित्तीच्या उतारावर, जेथे वाळू, मोडलेल्या प्रवाळांचा चुरा आणि मोठे खडक एकत्र असतात तेथे तो बहुधा एकटा हिंडतो. शिंपले, गोगलगायी, खेकडे, कोळंबीवर्गीय प्राणी, समुद्री कृमी व समुद्री साळ यांसारखे कंटकचर्मी प्राणी हे त्याचे अन्न.

रॅस माशांना तोंडातील जबड्यांखेरीज घशात दुसऱ्या जबड्यांची जोडी असते. पुढच्या सुळ्यांनी भक्ष्य पकडायचे आणि घशातील जबड्यांनी कवच भरडायचे, असे कामाचे वाटप असते. नको असलेले कवचाचे तुकडे मासा थुंकून टाकतो.

कोएरोडॉन प्रजातीने प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले ते आणखी एका कारणाने. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका पाणबुड्याने याच प्रजातीतील कोएरोडॉन शोएनलाइनी हा मासा तोंडात शिंपला धरून तो खडकावर आपटून फोडत असल्याची छायाचित्रे घेतली. ती २०११ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जियाकोमो बर्नार्डी यांनी पलाऊ येथे कोएरोडॉन अँकोरॅगो या माशाचे केलेले चित्रण प्रसिद्ध झाले. त्यात मासा वाळू उडवून शिंपला उघडा करतो, तोंडात धरून काही अंतरावरील सोयीच्या खडकापाशी नेतो आणि डोके उजवीकडे-डावीकडे झटकून तो फोडतो. खडक स्थिर असल्याने यास ‘साधनाचा वापर’ म्हणावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. मत्स्यपालकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की हे मासे परिसर पारखतात, जागा लक्षात ठेवतात आणि त्यांना दिवसभर करण्यासारखे काही हवे असते. रिकाम्या काचेच्या पेटीत अशा माशाची कुचंबणा होते.

इतर मोठ्या रॅस माशांशी तुलना

व्यापारात येणाऱ्या मोठ्या रॅस माशांत क्लाउन कोरिस (कोरिस आयगुला) याचे उदाहरण बोलके आहे. बोटाएवढे पिलू पांढरट अंगाचे, पाठीवर दोन ठसठशीत नारिंगी डाग असलेले आणि अत्यंत मोहक दिसते. दुकानात विकले जाते ते हेच रूप. पूर्ण वाढलेला मासा गडद हिरवट-काळा, कपाळावर उंचवटा आलेला व १२० सेंमी.पर्यंत वाढू शकणारा असतो. कोणत्याही घरगुती टाकीत त्याचा निभाव लागणे शक्य नाही. नेपोलियन रॅस (कायलिनस अंड्युलेटस) तर दोन मीटरहून मोठा होतो; तो २००४ पासून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गात असून त्याच वर्षी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाची बंधने आली.

ड्रॅगन रॅस (नोव्हॅक्युलिक्थिस टीनिओरस) आकाराने टस्कफिशएवढाच, पण दगड उलथून त्याखालील भक्ष्य शोधण्याची त्याची सवय अशी, की टाकीतील रचना रोज नव्याने लावावी लागते. स्लिंगजॉ रॅस (एपिब्युलस इन्सिडिएटर) आपला जबडा डोक्याच्या लांबीच्या सुमारे ६५ टक्के इतका पुढे फेकू शकतो. माशांच्या जगात ही एक नवलाची गोष्ट आहे, परंतु तो ५० सेंमी.हून मोठा होतो. या सर्वांच्या तुलनेत टस्कफिशचा अंतिम आकार घरगुती पालनाच्या मर्यादेत, तीही वरच्या टोकाला, बसतो. मासा घेताना दुकानातील आकार न पाहता पूर्ण वाढीचा आकार पाहावा, हा नियम रॅस कुळाइतका क्वचितच दुसऱ्या कोणत्या कुळास लागू पडत असेल.

टाकी

एका प्रौढ टस्कफिशसाठी किमान सुमारे ५०० लिटरची टाकी आवश्यक मानली जाते. केवळ लिटर मोजून भागत नाही. लांबी आणि रुंदी अधिक महत्त्वाची असते. १८० सेंमी. लांब, ६० सेंमी. रुंद व ६० सेंमी. उंच टाकी योग्य ठरते. तिची धारणक्षमता सुमारे ६४८ लिटर होते. पंधरा सेंटिमीटरचा मासा ‘तूर्त’ लहान टाकीत ठेवून पुढे मोठी घेऊ, असा विचार पुष्कळ जण करतात. ती पुढची टाकी बहुधा येत नाही.

वजनाचा प्रश्न शहरांतील सदनिकांत गंभीर आहे. वरील मापाच्या टाकीत नुसत्या खाऱ्या पाण्याचे वजन सुमारे ६६५ किलो भरते. १२ मिमी. जाडीच्या काचेचे सुमारे १२० किलो, शिवाय लोखंडी वा लाकडी घोडा, खडक व वाळू. सर्व मिळून भार ८०० किलोच्या पुढे जातो आणि तो जेमतेम एक चौरस मीटर जागेवर पडतो. निवासी खोल्यांच्या जमिनीचा आराखडा भारतीय मानकानुसार साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो इतका चल भार गृहीत धरून केलेला असतो. हा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्याने दोहोंची थेट तुलना करणे बरोबर नाही. भिंतीलगत व तुळईवर ठेवलेली टाकी सुरक्षित असू शकते. तथापि, तो निर्णय दुकानदाराने किंवा सुताराने देण्याचा नव्हे. तळमजल्यावर घर नसेल तर संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

टाकीत खडकांची मांडणी अशी करावी, की माशाला पूर्ण शरीर लपवता येईल अशा निदान दोन-तीन कपारी मिळतील आणि समोरचा भाग पोहण्यास मोकळा राहील. खडक वाळूवर न ठेवता थेट तळावर, शक्य तर एकमेकांस घट्ट जोडून बसवावेत, कारण मासा त्यांखालची वाळू हलवतो. काही रॅस मासे रात्री वाळूत गाडून घेतात. टस्कफिश तसे करीत नाही, तो कपारीत झोपतो. त्यामुळे वाळूचा जाड थर अनिवार्य नाही. टाकीवर झाकण किंवा जाळी मात्र अनिवार्य आहे. दचकलेला रॅस उडी मारतो, आणि घरगुती मत्स्यालयांतील चांगले मासे गमावण्याचे ते एक नित्याचे कारण आहे.

पाणी

समुद्राचे पाणी बहुतांश महासागरांत दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार बाळगून असते. मत्स्यालयात हीच क्षारता तयार मीठमिश्रणाने साधतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट व बायकार्बोनेट हे घटकही ठराविक प्रमाणात असतात. मिश्रणासाठी आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वापरावे. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५, तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस आणि पीएच ८.१ ते ८.४ या मर्यादा सुरक्षित होत. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्य असली पाहिजेत.

टाकी भरल्यावर लगेच मासा सोडता येत नाही. माशाच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे एका प्रकारचे जिवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू खडकांवर व गाळणीतील माध्यमावर वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिकारी मासा मांसाहारी असल्याने व भरपूर खात असल्याने त्याच्या टाकीवरचा भार नेहमीपेक्षा जास्त असतो. म्हणून मोठा प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसावाटे सेंद्रिय घाण काढून टाकणारे यंत्र, आवश्यक ठरतो. त्याच्या जोडीला नियमित पाणीबदल हवाच. ६५० लिटरच्या टाकीत दहा टक्के पाणी बदलायचे तर दर वेळी सुमारे सव्वादोन ते अडीच किलो मीठमिश्रण लागते. वर्षभराचा हा खर्च माशाच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकतो, ही बाब खरेदीपूर्वी कागदावर मांडून पाहावी.

महाराष्ट्रात हा छंद जोपासणाऱ्यांची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. मुंबईत हवा तितकी तापत नसली तरी आर्द्रतेमुळे बाष्पीभवन कमी होऊन पाणी थंड होण्यास मदत मिळत नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. पाणी थंड करणारे यंत्र (चिलर) ही येथे चैन नसून गरज आहे. वीज गेल्यास पाण्याचे अभिसरण थांबते. मोठ्या माशाच्या टाकीत काही तासांतच प्राणवायूची टंचाई होऊ शकते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा आणि तो चालतो की नाही हे महिन्यातून एकदा तपासावे.

माशाची निवड

बाजारात येणारे टस्कफिश ढोबळमानाने दोन ठिकाणांहून येतात: आग्नेय आशियातून, प्रामुख्याने फिलिपिन्स व इंडोनेशियातून, आणि ऑस्ट्रेलियातून. ऑस्ट्रेलियातील माशांचे रंग अधिक गडद असतात व किंमत काही पटींनी जास्त असते. पालकांचा सर्वसाधारण अनुभव असा, की ते रुळण्याचे प्रमाणही चांगले असते. यामागे वंशापेक्षा पकडण्याची व हाताळण्याची पद्धत कारणीभूत असावी. क्वीन्सलँडमध्ये ही मासेमारी परवानाधारक पाणबुडे हातजाळ्यांनी करतात आणि मासा थोड्या हातांतून जातो. आग्नेय आशियात तो गावातील मच्छीमार, मध्यस्थ, निर्यातदार अशा साखळीतून फिरतो आणि प्रत्येक टप्प्यावर उपाशी राहतो.

याहून गंभीर बाब सायनाइडची. १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सोडियम सायनाइडचे द्रावण खडकांच्या सांदीत फवारून मासे गुंगवण्याची पद्धत सुरू झाली व पुढे ती शेजारच्या देशांत पसरली. कायद्याने बंदी असूनही ती पूर्णपणे थांबलेली नाही. या विषाने प्रवाळ मरतात. पकडलेला मासा वरून निरोगी दिसला तरी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दगावू शकतो. दुकानात उभे राहून असा मासा ओळखण्याची खात्रीची खूण नाही. म्हणून मासा कोठून आला हे विचारावे, आणि दुकानात येऊन निदान दहा-पंधरा दिवस झालेला व दुकानदाराने समोर खाऊ घालून दाखवलेला मासाच घ्यावा. डोळे स्वच्छ, पाठीचा भाग भरलेला, श्वास संथ आणि पोहणे समतोल असावे. एका बाजूला कलणारा किंवा डोके खाली करून तरंगणारा मासा खोल पाण्यातून घाईने वर आणल्याने वाताशयास इजा झालेला असू शकतो. आठ-दहा सेंटिमीटरहून लहान पिलू नाजूक असते, तर पूर्ण वाढलेला मासा नव्या अन्नास सहसा तोंड लावत नाही. १० ते १५ सेंमी. लांबीचा मासा रुळण्यास उत्तम समजतात.

पहिले आठवडे

वाहतुकीच्या पिशवीत माशाच्या उत्सर्गामुळे अमोनिया साचतो, पण श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरलेला असल्याने तो बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूप घेतो. यास्तव, दूरवरून आलेल्या माशाची पिशवी उघडून तासन्तास थेंबथेंब पाणी घालत बसण्याची प्रथा हितापेक्षा अहितच करते. बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे. विलगीकरणाच्या टाकीची क्षारता पिशवीतील पाण्याच्या जवळपास आधीच आणून ठेवावी. मग मासा अलगद काढून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

नवा मासा मुख्य टाकीत न सोडता किमान चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. ही टाकी साधी असली तरी चालते: १५० ते २०० लिटर पाणी, आधी तयार केलेली गाळणी आणि लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या जाड नळाचे तुकडे. काचेच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात आणि दिवा मंद ठेवावा. दिवा एकदम लावू नये; खोलीत आधी उजेड होऊ द्यावा.

या काळात टस्कफिशचे वर्तन त्याच्या रूपाशी विसंगत असते. तो कोपऱ्यात किंवा नळात पडून राहतो, माणूस दिसताच आत सरकतो आणि दोन-चार दिवस, कधी आठवडाभरही, काही खात नाही. नवा पालक येथेच धीर सोडतो. तो दर तासाला काचेशी येऊन पाहतो, निरनिराळे खाद्य टाकत राहतो, ते कुजते, अमोनिया चढतो आणि मासा अन्नाअभावी न मरता पाण्यामुळे मरतो. योग्य मार्ग असा: दिवसातून एकदा, फार तर दोनदा, अगदी थोडे खाद्य द्यावे, खोलीतून निघून जावे आणि अर्ध्या तासाने उरलेले काढून घ्यावे. कवच उघडलेली ताजी तिसरी खडकाच्या कडेला ठेवणे हा सर्वांत प्रभावी उपाय होय. शिंपल्याचा वास आणि आकार माशाच्या ओळखीचा असतो. त्यानेही काम न झाल्यास मत्स्यखाद्य म्हणून मिळणारी बारीक जिवंत कोळंबी सोडावी. एकदा तिसरी खाऊ लागला, की तिच्यासोबत कोळंबीचे तुकडे आणि नंतर गोठवलेले व तयार खाद्य, अशी हळूहळू सवय लावता येते. या प्रक्रियेस तीन-चार आठवडे लागले तरी ते अस्वाभाविक नाही.

रुळलेला मासा निराळाच प्राणी भासतो. तो दिवसभर टाकीत गस्त घालतो, खाऊ घालणाऱ्या माणसास ओळखतो आणि त्याच्या मागोमाग काचेच्या आतून फिरतो.

आहार

कोळंबी, तिसऱ्या, माकुळ आणि खेकड्याचे तुकडे हे मुख्य अन्न असावे. किनारी महाराष्ट्रात व गोव्यात ते मासळीबाजारात सहज मिळते, ही येथील पालकांची मोठी सोय आहे. बाजारातून आणलेले अन्न काही दिवस पूर्ण गोठवून मगच द्यावे. त्यामुळे परजीवी येण्याचा धोका घटतो. कोळंबी शिजवलेली, मीठ लावलेली किंवा टिकवण्यासाठी रसायने वापरलेली नसावी. कोळंबी सालीसकट आणि तिसऱ्या एका शिंपेसकट दिल्यास भरडण्याची नैसर्गिक क्रिया चालू राहते. लहान मासा दिवसातून दोन-तीनदा व प्रौढ मासा एकदा खातो. खुराक थोडा व विविध असावा.

एकाच प्रकारचे अन्न वर्षानुवर्षे देणे हानिकारक आहे. अनेक शिंपल्यांत व काही माशांत थायमिनेज नावाचे विकर असते, जे ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. केवळ त्यांवरच पोसलेल्या माशास कालांतराने या जीवनसत्त्वाची उणीव होते. म्हणून आठवड्यातून दोनदा खाद्य जीवनसत्त्वाच्या द्रवात भिजवून द्यावे. गोल्डफिशसारखे गोड्या पाण्यातील जिवंत मासे समुद्री शिकारी माशाला खाऊ घालण्याची रीत सर्वथा त्याज्य आहे. त्यांतील मेदाम्लांचा मेळ समुद्री माशास मानवत नाही, थायमिनेजही भरपूर असते, आणि पाहणाऱ्याच्या क्षणिक करमणुकीखेरीज त्यातून काही साधत नाही.

सहवासी प्राणी

टस्कफिश प्रवाळ खात नाही. तथापि खेकडे, कोळंबी, गोगलगायी, समुद्री साळ आणि शिंपले यांचा तो फडशा पाडतो. प्रवाळांच्या टाकीत शेवाळ खाऊन सफाई करणारे प्राणी हेच असल्याने, ‘प्रवाळांसाठी सुरक्षित’ या वर्णनावर विसंबणाऱ्याची फसगत होते. त्याच्या तोंडात मावेल असा कोणताही लहान मासाही सुरक्षित नाही.

सर्जनफिश, मोठे एंजलफिश, रॅबिटफिश आणि लायनफिश यांच्याबरोबर तो सहसा जुळवून घेतो. ट्रिगरफिशच्या उग्र जाती मात्र त्याला पळवून पळवून उपाशी ठेवतात. सुळे असूनही माघार बहुधा टस्कफिशच घेतो. म्हणून मिश्र टाकीत त्याला आधी सोडून स्थिर होऊ द्यावे व आक्रमक सोबती नंतर आणावेत. एका टाकीत एकच टस्कफिश ठेवावा; दोघांत प्राणघातक भांडणे होतात.

रोग

सागरी ‘इक’ हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होणारा रोग सर्वाधिक आढळतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात, मासा खडकाला अंग घासतो, श्वास जलद होतो. ठिपके तीन ते सात दिवसांत गळून पडतात आणि पालकाला वाटते रोग बरा झाला. वास्तविक परजीवी तळाशी कोशात जाऊन तेथे विभाजित होत असतो व काही दिवसांनी, प्रसंगी काही आठवड्यांनी, अनेक पटींनी वाढून परततो. उपचार म्हणजे विलगीकरण टाकीतच मोजून दिलेली तांब्याची मात्रा. ती चाचणी-संचाने रोज तपासावी लागते. कमी मात्रा निष्प्रभ ठरते, जास्त मात्रा माशाला मारते. खडक व वाळू तांबे शोषून घेतात आणि अपृष्ठवंशी प्राणी त्याने मरतात, त्यामुळे मुख्य टाकीत हे औषध कधीही टाकू नये. मुख्य टाकीत रोग शिरलाच तर सर्व मासे बाहेर काढून ती दोन-अडीच महिने मत्स्यहीन ठेवावी लागते. विलगीकरणाच्या सहा आठवड्यांचा कंटाळा करणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

त्वचेवरील व कल्ल्यांवरील चपट्या कृमींसाठी तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात सुमारे पाच मिनिटे स्नान हा उपाय वापरतात. या वेळी मासा एका कुशीवर पडू शकतो. त्याच्याजवळून हलू नये.

संवर्धन व कायदा

टस्कफिश व्यापारी प्रमाणावर बंदिवासात प्रजनन करून मिळत नाही. अनेक रॅस मासे आपली सूक्ष्म अंडी खुल्या पाण्यात सोडतात आणि त्यांतून निघणाऱ्या अळ्यांना योग्य आकाराचे जिवंत खाद्य पुरवणे ही मोठी अडचण असते. याचा अर्थ विकत घेतलेला प्रत्येक मासा प्रवाळभित्तीवरून उणा झालेला असतो, आणि तो दगावल्यावर आणलेला दुसराही.

भारतातील पालकांच्या संदर्भात आणखी एक मुद्दा आहे. खाऱ्या टाकीसाठी ‘जिवंत खडक’ म्हणून प्रवाळांचे सांगाडे व तुकडे वापरले जातात. भारतात खडक बांधणाऱ्या सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये २००१ पासून संरक्षण आहे. त्यांचे संकलन, बाळगणे व विक्री हा गुन्हा असून मालवणच्या सागरी अभयारण्यातून अथवा इतर कोणत्याही किनाऱ्यावरून असे तुकडे गोळा करता येत नाहीत. सच्छिद्र मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक हा कायदेशीर पर्याय आहे. जिवाणूंची वाढ त्यांवरही होते, फक्त थोडा अधिक वेळ लागतो.

पालन जमत नसल्यास मासा समुद्रात सोडू नये. तो अरबी समुद्रातील नाही. शिवाय त्याच्यासोबत परके परजीवीही पाण्यात जातात. पाळलेल्या परक्या माशांचे समुद्रात काय होऊ शकते याचे उदाहरण लायनफिशच्या रूपाने अटलांटिक महासागरात आहे: १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ प्रथम दिसलेला हा हिंद-प्रशांत भागातील मासा पुढे संपूर्ण कॅरिबियन समुद्रात पसरला. टस्कफिश ठेवणे अशक्य झाल्यास पुरेशी मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पालकाकडे किंवा घेण्यास तयार असलेल्या दुकानाकडे तो सोपवावा. प्रौढ मासा घेणारा शोधण्यास महिनेही लागू शकतात, म्हणून हा शोध टाकी अपुरी पडू लागण्याच्या आधीच सुरू करणे इष्ट.